चहाचे चिनी अक्षर



वसंतातल्या व्याख्यानाला आलेल्या श्रोत्यांची अशी अपेक्षा असते की, वक्त्याने तासाभरात एखादे साम्राज्य उभे करून दाखवावे आणि वेळ उरलाच तर ते पाडूनही दाखवावे. आमचा आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. चिनी लिपीतल्या एका अक्षराविषयी आम्ही बोलणार आहो. आणि त्यातही मुख्यतः त्या अक्षरातून गळून पडलेल्या एका आडव्या रेघेविषयी. विषय परका वाटला तरी कोणी बिचकू नये. ज्या वस्तूचे हे अक्षर आहे ती येथे बसलेल्या बहुतेकांनी आज सकाळी घेतलेली आहे, आणि व्याख्यान लांबले तर ती पुन्हा केव्हा मिळेल हा विचारही काहींच्या मनात येऊ लागेल. चहाला चिनी भाषेत 'छा' म्हणतात. त्या 'छा'चे हे अक्षर.

प्रथम ते डोळ्यांपुढे आणू. कागद जवळ नसला आणि समोरच्याला एखादे अक्षर समजावून द्यायचे असले, तर चिनी माणूस ते आपल्या तळहातावर बोटाने काढून दाखवतो. आपणही तसेच करू. वरती एक आडवी रेघ काढा आणि तिला छेदणाऱ्या दोन लहान उभ्या रेघा. हे गवताचे चिन्ह. वनस्पतींच्या नावांवर ते मुकुटासारखे बसते. त्याखाली छपराच्या दोन पाख्यांसारख्या, मधून दोन्हीकडे उतरणाऱ्या दोन तिरप्या रेघा काढा. एवढाच आकार वेगळा काढला तर 'माणूस' हे अक्षर होते. छपराखाली एक आडवी रेघ, एक उभी, आणि तिच्या दोन बाजूंना दोन लहान फटकारे. हा खालचा आकार 'झाड' या अक्षरासारखा दिसतो. झाले, नऊ रेघांत चहा तयार.

वर गवत, खाली झाड, मध्ये माणूस. तृणवृक्षांच्या सान्निध्यात शांत बसलेला माणूस म्हणजे चहा, असा अर्थ यातून निघतो आणि तो चहाविषयीच्या पुष्कळ पुस्तकांतून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. जपानी लोकांनी याच्याही पुढे मजल मारली आहे. गवताच्या चिन्हात दोन 'दहा' दिसतात, म्हणजे वीस. खालचा भाग फोडला की आठ-दहा-आठ मिळतात, आणि चिनी आकडे लिहिण्याच्या पद्धतीत त्याचे अठ्ठ्याऐंशी होतात. बेरीज एकशेआठ. म्हणून तिकडे १०८ वर्षांच्या वयाला 'चहाचे आयुष्य' अशा अर्थाचे नाव आहे. आमच्या जपमाळेचे मणीही तितकेच, हे ऐकून कोणाला आनंद झाला तर आम्ही त्याच्या आड येणार नाही.

एकशेआठाचा हा खेळ आहे, आणि तो खेळ म्हणूनच खेळला जातो; त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु गवत-माणूस-झाड ही गोष्ट व्युत्पत्ती म्हणून सांगितली जाते, आणि व्युत्पत्ती म्हणून ती साफ खोटी आहे. 'ज्याची चाह वाटते तो चहा' असे कोणी आपल्याला सांगितले, तर आपण हसून सोडून देऊ. पण परक्या लिपीविषयी तसेच काही सांगितले गेले की आपण माना डोलावतो. चिनी लिपी म्हणजे चित्रांची लिपी, तेथे प्रत्येक अक्षरात एक लहानशी कविता दडलेली असते, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. थोडी अक्षरे चित्रांतून निघाली हे खरे. पण फार मोठा भाग असा आहे की, त्यात एक तुकडा अर्थाची जात सांगतो आणि दुसरा तुकडा केवळ उच्चार सुचवतो. 'आई' या अर्थाचे 'मा' हे अक्षर घ्या. त्यात डावीकडे 'स्त्री' आहे आणि उजवीकडे 'घोडा' आहे. आता चिनी लोक आईला घोडी समजतात असे का म्हणायचे? घोड्याला त्या भाषेत 'मा' म्हणतात, एवढ्यापुरताच तो बिचारा तेथे बांधलेला आहे.

चहाच्या अक्षराचेही असेच आहे. मात्र ते पाहण्यासाठी त्या अक्षराचे जुने रूप काढावे लागते. तळहातावरच्या अक्षरात छपराखाली आपण एक आडवी रेघ काढली होती. तेथे एकाखाली एक अशा दोन काढा. नवाच्या दहा रेघा झाल्या. हे वेगळे अक्षर; याचा आजचा उच्चार 'थू'. मराठी कानाला कडू वस्तूचे हे नाव फारच समर्पक वाटेल, पण तो निव्वळ योगायोग आहे. या जुन्या अक्षरात गवताखालचा सगळा भाग हा एकच अखंड तुकडा आहे. त्याचा स्वतंत्र उच्चार 'यू', आणि प्राचीन काळी तो 'थू'च्या उच्चाराला जवळचा होता. म्हणजे वरचे गवत सांगते की ही वनस्पती आहे, आणि खालचा तुकडा सांगतो की हिचे नाव अमुक आवाजाचे आहे. माणूसही नाही आणि झाडही नाही. एक रेघ गळाली, अखंड तुकडा मोडला, आणि मोडलेल्या तुकड्यांत पुढच्या लोकांना माणूस आणि झाड दिसू लागले.

मग ही रेघ गळाली केव्हा आणि का? तेथे जाण्यापूर्वी हा 'थू' म्हणजे कोण, ते पाहिले पाहिजे. कारण या अक्षराने आपल्या आयुष्यात अनेक धंदे केले आहेत.

पहिला अर्थ कडू पालेभाजी. चीनमधला सर्वांत जुना गीतसंग्रह सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या गीतांचा आहे. त्यात हे अक्षर अनेकदा येते. नवऱ्याने टाकलेल्या एका स्त्रीच्या गीतात ते आहे. तिच्या दुःखाच्या मानाने या भाजीचा कडवटपणा काहीच नव्हे, असा तेथे भाव आहे. दुसरा अर्थ गवताचा पांढरा तुरा. आपल्याकडे भाद्रपद-आश्विनात कासाचे तुरे फुलतात, त्या जातीची कल्पना करावी. या अर्थाचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ख्रिस्तपूर्व ४८२ मध्ये दक्षिणेकडील वू राज्याचा राजा फू-छाय उत्तरेत राजांच्या मेळाव्याला गेला. अग्रमान कोणाचा यावर वाद पेटला आणि तिकडे पाठीमागे शत्रू त्याच्या राज्यात घुसल्याची वार्ता आली. त्याने रातोरात सैन्य उभे केले. मध्ये दहा हजार माणसे पांढरी वस्त्रे, पांढरी निशाणे, पांढरी पिसे लावलेली. एका बाजूला दहा हजार तांबड्या वेषात. दुसऱ्या बाजूला दहा हजार काळ्या वेषात. पहाटे पाहणाऱ्यांना मधली फौज 'थू'सारखी दिसली, एक बाजू आगीसारखी आणि एक शाईसारखी. यातूनच 'आगीसारखे, थूसारखे' असा वाक्प्रचार चिनी भाषेत रुजला आणि तो आजही चालतो. एखादे काम धडाक्याने चालू असले की त्याला तो लावतात. बोलणाऱ्या शंभरांतल्या किती जणांच्या डोळ्यांपुढे पांढरे तुरे येत असतील, ही शंकाच आहे.

तिसरा अर्थ यातना, छळ. 'थू' आणि 'विष' ही अक्षरे जोडून झालेला शब्द आजही जुलमी राजवटीविषयी वापरतात. आणि दारावर चितारल्या जाणाऱ्या दोन द्वारपालांपैकी एकाच्या नावातही हेच अक्षर आहे, पण तेथे ते आणखी निराळ्या तऱ्हेने उच्चारले जाते. असो. मुद्दा असा की, भाजी, तुरा, दुःख एवढा पसारा या अक्षराच्या पदरात असताना चहा त्यात चौथा पाहुणा म्हणून आला.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्हाला आवश्यक वाटते. चहाच्या प्राचीनतेविषयी लिहिणारे लोक त्या जुन्या गीतसंग्रहाकडे बोट दाखवून म्हणतात, 'पाहा, तीन हजार वर्षांपूर्वीच्या काव्यात चहा आहे.' काव्यात अक्षर आहे; चहा नाही. मागाहून आलेला अर्थ आधीच्या ग्रंथात घुसवला की असे होते. हा दोष काही चिनी अभ्यासकांपुरता नाही. वेदातला 'मृग' म्हणजे कोणताही रानटी पशू. पुढे त्या शब्दाचा अर्थ आकसून हरिण एवढाच उरला. आता जो मनुष्य प्रत्येक जुन्या 'मृगा'ला हरिण समजेल, त्याला सिंह हा मृगराज म्हणजे हरणांचा राजा का झाला, याचे उत्तर शोधत बसावे लागेल. शब्द तोच राहतो म्हणून वस्तू तीच राहते असे नाही, आणि अक्षराचे तर बोलायलाच नको.

मग या अक्षरात चहा निश्चितपणे कोठे दिसतो? येथे एक गोष्ट सांगावी लागते. ख्रिस्तपूर्व ५९ मधली ती आहे आणि सिचुआन प्रांतातल्या चेंगदू शहराजवळची आहे. वांग बाओ नावाचा एक विद्वान गृहस्थ काही कामासाठी एका विधवेच्या घरी उतरला होता. तिच्या नवऱ्याचा एक गुलाम घरात होता. त्याचे नाव ब्यान-ल्याओ. वांग बाओने त्याला दारू आणायला पाठवले. गुलाम काठी घेऊन थेट मेलेल्या धन्याच्या थडग्यावर जाऊन उभा राहिला आणि ओरडून म्हणाला की, तुम्ही मला विकत घेतले तेव्हा थडगे राखण्याचे ठरले होते; परक्या पुरुषांसाठी दारू आणण्याचे काही ठरले नव्हते. वांग बाओ संतापला. त्याने तो गुलाम पंधरा हजार नाण्यांना तेथल्या तेथे विकत घेतला. गुलामही वस्ताद. तो म्हणाला, 'माझ्याकडून जे करून घ्यायचे ते सगळे करारात लिहा. लिहिले नसेल ते मी करणार नाही.' मग वांग बाओने लेखणी उचलली आणि पहाटे उठून झाडलोट करण्यापासून रात्री जनावरांना चारा घालण्यापर्यंत कामांची अशी लांबलचक यादी लिहिली की, ती वाचून होईपर्यंत गुलामाच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहू लागले. हे माहीत असते तर मुकाट्याने दारू आणली असती, असे तो म्हणाला.

हा लेख विनोदी म्हणून लिहिला गेला आणि विनोदी म्हणूनच टिकला. वाचताना हसू येते हे खरे, पण ते हसू पुरते मोकळे होत नाही. आमच्या विषयापुरते पाहायचे तर त्या यादीत दोन ठिकाणी 'थू' आहे. एके ठिकाणी थू शिजवून भांडी घासूनपुसून ठेवायची आहेत. दुसऱ्या ठिकाणी वू-यांग नावाच्या गावी जाऊन थू विकत आणायचा आहे. पहिल्या थूविषयी पंडितांत वाद आहे. तो भाजी असू शकतो. दुसऱ्याविषयी मात्र आम्हाला शंका वाटत नाही. परसात आणि बांधावर उगवणारी कडू भाजी विकत घ्यायला कोणी परगावी माणूस धाडत नाही. हे वू-यांग म्हणजे आजच्या फंगशानचा परिसर, चेंगदूच्या दक्षिणेला. आणि सिचुआन ही तर चहाची जुनी भूमी. तेव्हा लेखी पुराव्यात ज्याच्या हाती चहाचे काम सोपवलेले प्रथम दिसते तो मनुष्य कोणी ऋषी नव्हता की सम्राट नव्हता. तो रडणारा गुलाम होता. चहाच्या पुस्तकांतून त्याला फारसे कोणी बोलावत नाही.

वस्तू मात्र या लेखाहूनही जुनी आहे. हान वंशातला सम्राट जिंग ख्रिस्तपूर्व १४१ मध्ये वारला. त्याच्या समाधीच्या परिसरात पुरलेल्या वस्तूंत पानांचा एक घट्ट गोळा सापडला होता. ती पाने चहाचीच असल्याचे रासायनिक परीक्षेने ठरले आणि तो निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०२१ मध्ये शानदोंग प्रांतातल्या एका थडग्यातील वाडग्यात उकळून उरलेल्या चहाचा चोथा ओळखला गेला. तो ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाचा ठरतो. म्हणजे माणसे चहा उकळत होती आणि त्याला स्वतःचे अक्षर नव्हते. त्या कडू पानाला कडू भाजीचे अक्षर उसने मिळाले. 'अर्-या' नावाच्या प्राचीन कोशात याची गमतीदार खूण राहिली आहे. तेथे गवतांच्या प्रकरणात 'थू म्हणजे कडू भाजी' आहे, आणि झाडांच्या प्रकरणात दुसऱ्याच एका नावापुढे 'कडू थू' असा अर्थ दिला आहे. एकच अक्षर गवतांतही आणि झाडांतही. चौथ्या शतकाच्या आरंभीचा टीकाकार ग्वो फू या झाडाच्या नोंदीवर लिहितो की, झाड लहान असते, पाने उकळून पिता येतात, लवकर खुडलेल्याला थू म्हणतात आणि उशिरा खुडलेल्याला मिंग. आता संशयाला जागा उरली नाही, हा चहाच. पण अक्षर अजून भाजीचेच.

अशी उसनवारी किती दिवस चालते? जोपर्यंत वस्तू किरकोळ आहे तोपर्यंत. चहा दक्षिणेत पिकत होता, दक्षिणेत प्यायला जात होता आणि ग्रंथ लिहिणारी मंडळी बहुतेक उत्तरेकडची होती; तोवर कोणाचे काही अडले नाही. हे चित्र थांग वंशाच्या काळात, आठव्या शतकात पालटले. फेंग यान नावाचा त्या काळचा एक लेखक त्याचे कारण सांगतो. शानदोंगमधील ताय पर्वताच्या लिंग-यान विहारात ७१३ ते ७४१ या काळात एक ध्यानमार्गी आचार्य होता. त्याच्या नावाचा अर्थ 'माराचे दमन करणारा'. बुद्धाच्या तपात विघ्न आणणारा तो आपल्याकडचा मार. या विहारात ध्यानाच्या वेळी झोपायचे नाही आणि रात्री जेवायचे नाही, असा दंडक होता. चहाला मात्र परवानगी होती. भिक्षू आपला चहा बरोबर बाळगू लागले, त्यांचे पाहून इतर लोक पिऊ लागले, आणि मग शहरोशहरी चहाची दुकाने निघाली. फेंग यानच्या म्हणण्याप्रमाणे पैसे टाकले की जो तो पिऊ शके. झोप उडवणारे पेय प्रथम ध्यानाला बसणाऱ्यांनी उचलून धरावे हे आम्हाला अगदी स्वाभाविक वाटते. ज्यांना अभ्यासाला पहाटे उठायची सवय आहे त्यांना ते अधिक पटेल.

याच काळात विहारात वाढलेला लू यू नावाचा एक अनाथ मुलगा मोठा होऊन 'चहाचा ग्रंथ' लिहितो. जन्म ७३३, मृत्यू ८०४. दहा प्रकरणांचा हा लहानसा ग्रंथ. झाड, अवजारे, भांडी, पाणी, उकळण्याची रीत, सगळे त्यात आहे. आमच्या कामाचे वाक्य ग्रंथाच्या आरंभीच येते. लू यू सांगतो की चहाचे अक्षर कोणी गवताच्या चिन्हाने लिहितात, कोणी झाडाच्या चिन्हाने, तर कोणी दोन्हींनी. आणि केवळ गवताच्या चिन्हाचे जे नऊ रेघांचे अक्षर, ते सम्राट श्वानझोंग याच्या कारकीर्दीत, ७३५ मध्ये तयार झालेल्या शब्दकोशात आहे, असे तेथल्या टिपेत म्हटले आहे. म्हणजे त्याच्या तरुणपणी हे अक्षर निश्चित नव्हते; तीन-तीन रूपे बाजारात होती आणि त्यांतले एक जिंकायचे होते.

ते जिंकले केव्हा, याचा शोध लागला जवळजवळ नऊशे वर्षांनी. गू यानवू हा सतराव्या शतकातला महापंडित. जन्म १६१३, मृत्यू १६८२. आपल्या हयातीत त्याने मिंग राज्य कोसळलेले पाहिले, नव्या मांचू राजवटीची चाकरी करण्याचे नाकारले, आणि उत्तरायुष्य उत्तर चीनमध्ये भटकत, जुने शिलालेख वाचत घालवले. ग्रंथ पुन्हापुन्हा नकलले जातात आणि नकलणारा आपल्या काळचे अक्षर घालतो. दगड तसे करीत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. ताय पर्वतावर त्याने थांग काळचे कोरीव लेख पाहिले. ७७९ च्या लेखात 'चहा आणि औषध' या शब्दांत जुने दहा रेघांचे अक्षर. ७९८ च्या लेखात 'चहापानाचा समारंभ', तेथेही जुनेच. मग ८४१ मध्ये प्रसिद्ध सुलेखनकार ल्यू गोंगछ्वान याने लिहिलेला एक शिलालेख आणि ८५५ मध्ये फेय श्यू याने लिहिलेला दुसरा. या दोहोंत एक रेघ कमी. तेव्हा गू यानवू निर्णय देतो की हे अक्षर थांग काळाच्या मध्यानंतर बदलले.

आता या पुराव्यातली सर्वांत नवलाची गोष्ट अशी की, शेवटच्या दोन शिलालेखांत चहाचा संबंधच नाही. हे दोन्ही बौद्ध आचार्यांचे स्मृतिलेख आहेत, आणि त्यांतला शब्द आहे 'दहन'. मृत भिक्षूच्या देहाला अग्नी देण्यासाठी चिनी बौद्धांनी आपल्या देशातला शब्द उचलला होता. पालीत जाळणे या अर्थी 'झापेति' हे क्रियापद आहे, त्या घराण्यातला. तो परका शब्द उच्चारावरून लिहिण्यासाठी त्यांनी 'थू'चे अक्षर घेतले होते. कडू भाजीचे अक्षर, चहाने उसने घेतलेले, आणि चितेच्या शब्दालाही दिलेले. चहासाठी जी रेघ गाळण्याची सवय लागली, ती सवय हाताला इतकी जडली की चितेच्या शब्दातूनही ती गाळली गेली. हात चुकतो तेव्हाच तो खरा पुरावा देतो. चहाच्या शब्दात नवे रूप दिसले असते तर एवढेच कळले असते की नवे रूप माहीत होते. चितेच्या शब्दात ते दिसल्यामुळे कळले की आता लिहिणाऱ्यांच्या हातात दुसरे रूप सहज येईनासे झाले होते.

रेघ का गळाली याविषयी आमचे मत थोडे व्यवहारी आहे. ७८२ मध्ये थांग सरकारने लाकूड, बांबू, लाख यांच्या जोडीला चहावर दशमांश कर बसवला. दोन वर्षांत तो उठला, पण ७९३ मध्ये पुन्हा बसला आणि त्याचे वार्षिक उत्पन्न ४,००,००० माळा झाले. एका माळेत हजार नाणी ओवलेली असत. ज्या वस्तूवर एवढा महसूल उभा राहतो, तिच्या अक्षराचा अर्थ भाजीही होतो आणि चहाही होतो, हे जकातनाक्यावरच्या कारकुनाला परवडत नाही. पंडिताला दोन अर्थ चालतात. त्यावर तो टीका लिहितो. कारकुनाला एकच लागतो. गू यानवूने दिलेल्या तारखा आणि या कराच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. जुने रूप दगडावर शेवटचे दिसते ७९८ मध्ये. नियमित कर त्याच्या पाच वर्षे आधी सुरू झालेला आहे. भिक्षूंनी चहा देशभर नेला हे खरे, पण त्याला स्वतःचे अक्षर मिळवून देण्यात वसुलीखात्याचा वाटा मोठा असावा असे आम्हाला वाटते. पुढे ९८६ मध्ये शू श्वान याने इसवी सन १०० च्या प्रसिद्ध कोशाची नवी प्रत सिद्ध केली, तेव्हा 'थू'च्या नोंदीखाली त्याला लिहावे लागले की हेच आताचे चहाचे अक्षर. म्हणजे त्या काळच्या वाचकाला ते सांगितल्याशिवाय कळत नव्हते.

अक्षराचे झाले, आता उच्चाराचे थोडे, कारण तोच आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. थांग काळी चहाच्या अर्थी या अक्षराचा उच्चार आपल्या 'डा'च्या जवळचा होता, असे भाषाशास्त्रज्ञांनी हिशोबाने ठरवले आहे. चीनच्या बहुतेक भागांत या 'ड'चा हळूहळू 'छ' किंवा 'च' झाला. आग्नेय किनाऱ्यावरच्या फूज्यान प्रांतातल्या बोलीत मात्र तो दंत्य 'त'कडे वळला आणि 'ते' उरला. अक्षर एकच, कँटनचा माणूस ते वाचतो 'चा', फूज्यानचा माणूस वाचतो 'ते'. पोर्तुगीजांचा व्यापार कँटनजवळच्या मकावमध्ये होता, म्हणून ते 'चा' म्हणतात. डच लोकांची गाठ फूज्यानच्या व्यापाऱ्यांशी पडली, म्हणून डचांकडून 'ते' युरोपभर गेला. इंग्रजांचे उदाहरण तर बोलके आहे. १६१५ मध्ये त्यांच्या कंपनीचा जपानमधला एक नोकर पत्रात 'चॉ' असे लिहितो. १६६० मध्ये लंडनमधला सॅम्युएल पेप्स आपल्या रोजनिशीत 'टी' लिहितो. खुष्कीच्या मार्गाने गेलेला 'चाय' इराणी, तुर्की, रशियन या भाषांत स्थिरावला. १५५९ मध्ये व्हेनिसच्या रामुझ्यो याने छापलेल्या प्रवासवर्णनांत एका इराणी व्यापाऱ्याच्या तोंडून तो युरोपला प्रथम ऐकू आला.

आपला देश या दोन्ही वाटांवर पडतो. मराठीतला 'चहा', गुजराथीतला 'चा', हिंदीतला 'चाय' हे सगळे एका शाखेतले. तमिळमध्ये 'तेनीर' आहे, सिंहलीत 'ते' आहे. ती डचांची शाखा. आणि मलयाळीत पेयाला 'चाया' व पानाला 'तेयिला', म्हणजे दोन्ही शाखा एकाच घरात सुखाने नांदतात. लिनस्कोटन नावाचा डच तरुण १५८३ पासून पाच-सहा वर्षे गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. तो स्वतः जपानला कधी गेला नाही. गोव्यात बसून दर्यावर्दींकडून माहिती गोळा करून त्याने पुस्तक लिहिले. १५९६ मध्ये छापलेल्या त्या पुस्तकात जपानी लोक जेवणानंतर गरम पाण्यात पूड टाकून 'चा' पितात, असे वर्णन आहे. डच माणूस, पण शब्द पोर्तुगीज शाखेचा. कारण तो गोव्यात ऐकलेला. सुरतेला १६८९ मध्ये आलेला ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक लिहितो की तेथले वाणी चहात मसाले घालून डोकेदुखीसारख्या तक्रारींवर घेतात. मसाल्याचा चहा अलीकडची उपाहारगृहांची फॅशन आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उच्चाराच्या या हिशोबातून आणखी एक गोष्ट उलगडते. जुन्या दहा रेघांच्या अक्षराचा 'डा' हा उच्चार चालू असताना संस्कृत ग्रंथांची भाषांतरे करणाऱ्या भिक्षूंना आपला मूर्धन्य 'ड' लिहिण्यासाठी ते फार सोईचे वाटले. चिता त्यांनी त्याने लिहिली, हे वर आलेच. 'डाकिनी' त्यांनी त्यानेच लिहिली. आणि 'मंडल' या शब्दाला तीन अक्षरे लागली, त्यांतले मधले हेच. भाजी कोशात गेली, तुरे एका वाक्प्रचारापुरते उरले, चहा तर नवे अक्षर घेऊन वेगळा निघाला. परंतु जपानमधल्या बौद्ध मंदिरांतून 'मंडल' हा शब्द आजही त्या जुन्या अक्षरानेच लिहितात, आणि त्यात ती दुसरी आडवी रेघ जागच्या जागी आहे.